लिंबाला मीठ घालू नका, आणि तेरड्याच्या जिवावर उठू नका

"लिंबाचं झाड बाराही महिने लदबदून जाईल, नर्सरीवाले हे 7 उपाय कधीच सांगणार नाहीत" असा एक मेसेज सध्या नाशकातल्या सगळ्या बागकाम ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय आणि का कोण जाणे भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आलाय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दर अमावस्येला बुंध्याशी दोन मुठी खडेमीठ घाला, झाडाखालची "विषारी" रानफुलं मीठ, व्हिनेगर आणि भांड्याचं लिक्विड एकत्र करून फवारून जाळून टाका, बुंध्यात गंजलेला खिळा ठोका, पक्ष्याच्या शिटेसारखी अळी दिसली की रॉकेल मारा, बीपासून आलेलं लिंबू वांझ असतं ते उपटून टाका, पंधरा दिवस पाणी तोडा, आणि शेवटी शोभेसाठी "देशी रानफुलांच्या" बियांचं पाकीट आणून शिंपडा.

मी असे मेसेज वाचून सोडून देतो. पण हा म्हसरूळला आत्याकडे पोचला आणि तिने तो अमलात आणला. मला कळलं ते फोटो आल्यावर, "पानं अशी का झालीत रे, उन्हाने का?" म्हणून. उन्हाने नाही. पानाचं टोक तपकिरी, भाजल्यासारखं, तिथून करपा दोन्ही कडांनी खाली उतरलेला आणि मधला भाग मात्र अजून हिरवा. आळ्यात मातीवर पांढरी साय धरलेली. कोवळी पालवी गळून आळ्यातच पडलेली. आत्याने वर्षानुवर्षं लोणच्याला कधी बाहेरून लिंबं आणली नाहीत, अख्ख्या गल्लीला त्या झाडाची लिंबं जातात, त्या झाडाची ही गत. त्यामुळे आता राग आलाय आणि सविस्तर लिहितोय.

मिठाचं आधी बघू, कारण बाकी मूर्खपणा निस्तरता येतो, हा निस्तरायला फार वेळ लागतो.

लिंबूवर्गातली झाडं मिठाला सगळ्यात हळव्या झाडांमध्ये मोडतात. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, सिंचन आणि निचऱ्यावरचा 29 नंबरचा पेपर आहे, एयर्स आणि वेस्टकॉट यांचा, 1985 चा, नेटवर फुकट मिळतो. त्यात पीकवार तक्ता आहे, मातीच्या अर्काची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे त्यात क्षार किती ते सांगणारं माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) किती वाढली की उत्पन्न किती घटतं त्याचा. संत्र्याचं उत्पन्न 1.7 च्या पुढे घटायला लागतं, 4.8 ला निम्मं होतं आणि 8 ला शून्य. कापूस 7.7 पर्यंत हूं की चूं करत नाही, म्हणजे बघा फरक. लिंबासाठी वेगळे आकडे नाहीत पण ते त्याच "सेन्सिटिव्ह" यादीत आहे.

आता गणित करा. मोठी कुंडी घ्या, गच्च भिजल्यावर माती 20 लिटर पाणी धरेल एवढी. दोन मुठी खडेमीठ म्हणजे धरा 100 ग्रॅम. लिटरला 5 ग्रॅम झालं, ईसी 9 च्या आसपास जाते. पहिल्याच अमावस्येला तक्ता संपला! आत्याचं झाड जमिनीत आहे, मुळं लांब गेलेली आहेत म्हणून अजून उभं आहे, गच्चीवर ड्रममध्ये असतं तर मी हे श्रद्धांजली म्हणून लिहीत असतो. शिवाय मेसेज फिरतोय ऑक्टोबरात, पाऊस परतल्यावर. जूनमध्ये निदान चार मोठ्या सरींनी काही मीठ खाली धुऊन नेलं असतं, आता पुढच्या जूनपर्यंत ते तिथेच बसणार.

आणि नाशिककरांनी तरी हे करायला नको होतं. इथल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, डॉगरिजच्या खुंटावर (क्षार सोसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या मुळावर) कलम कशाला करतोस बाबा, तो सांगेल की पाणी कमी आणि जे आहे ते खारट. म्हणजे शेतकरी क्षारांपासून वेल वाचवायला खुंट बदलतो, माती-पाण्याचा रिपोर्ट काढतो आणि त्याच जिल्ह्यात आपण हौसेने, विकत आणून, मीठ घालतोय.

दुसरं म्हणजे नुसतं झाड जळत नाही, मातीही जाते. आपली काळी माती चिकणमातीची, तिच्यात सोडियम वाढला की कण सुटे होऊन पसरतात, पाणी वरच तुंबतं, वाळली की दगड. चोपण जमीन म्हणतात ती हीच. कालव्याच्या काठची माणसं पिढ्यानपिढ्या चोपण सुधारायला जिप्सम टाकतात, चर काढतात, आणि इथे परसातल्या चार फुटात मुद्दाम चोपण तयार करायचा उद्योग चाललाय.

बरं, मेसेजवाल्याच्या बाजूने एवढं मान्य करतो की मीठ घालायची पद्धत हवेतून आलेली नाही. कोकणात नारळाला मीठ घालतात, आणि नारळाला खारं चालतं, क्लोरीन तर लागतोच त्याला. पण नारळ समुद्रकाठी उभा राहतो, लिंबू नाही. आणि एखाद्याला मीठ घातल्यावर फुलं दिसलीही असतील, कारण मिठामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही आणि ताण बसलेलं लिंबू घाबरून फुलावर येतं. त्याला बहार म्हणायचं असेल तर म्हणा.

आता रानफुलं. इथे मला जास्तच चीड आली कारण आत्याच्या लिंबाखाली भिंतीकडेला तेरडा होता, केना होता, थोडा आघाडा आणि कुर्डू. गणपतीत एकवीस पत्री शोधत आपण पंचवटीत गल्लोगल्ली फिरायचं, गौरीला तेरडा हवा म्हणून दहा जणांना फोन करायचे, श्रावणात रानभाजी महोत्सवात टाकळा-कुर्डूच्या जुड्या पैसे मोजून आणायच्या आणि गणपती उठले की तीच झाडं "विषारी"? कोणासाठी विषारी? गाजरगवत असेल तर उपटा, अंगाला खाज सुटते, दमा असलेल्यांना त्रास होतो, आणि ते इथलं नाहीच. धोतरा लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका. पण केना विषारी? अहो भजी करतात त्याची.

ही रानफुलं लिंबाचं काय करतात ते बघायचं असेल तर सकाळी आठ-नऊला जाऊन बसा. केन्याचं निळं फूल सकाळीच उघडतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, त्यात मध नसतोच, तरी त्याच्या पिवळ्या परागांवर हवेत एका जागी थांबणारी ती बारीक पट्टेरी माशी येते, होव्हरफ्लाय. या माश्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात, तोच मावा जो लिंबाच्या कोवळ्या शेंड्याला चिकटतो. ढालकिडे (लेडीबर्ड) तेच करतात. परजीवी गांधीलमाश्यांना, अगदी मुंगीएवढ्या असतात त्या, असाच आजूबाजूच्या फुलांचा मध लागतो. लिंबू काही वर्षभर फुलात नसतं, मधल्या काळात ह्यांनी जायचं कुठे? कॅलिफोर्नियातल्या संत्रावाल्यांनी हा धडा फार महागात घेतलाय: 1888-89 मध्ये पांढऱ्या खवलेकिडीने बागा संपत आल्या होत्या तेव्हा ऑस्ट्रेलियातून एक लालसर ढालकिडा आणून सोडला आणि त्याने बागा वाचवल्या, मग 1940 च्या दशकात डीडीटी मारून तोच ढालकिडा मारला आणि कीड परत आली.

आणि त्या मीठ-व्हिनेगरच्या फवाऱ्याने मरतं काय? वरवरची मऊ पानं. केना, तेरडा, आंबुशी जळतात. लव्हाळा आणि हरळी, ज्यांचा खरा त्रास आहे, ती जमिनीखालच्या गाठींतून, कांड्यांतून आठ-पंधरा दिवसांत परत वर येतात. म्हणजे तुम्ही तेरडा घालवून लव्हाळ्याला मोकळी जागा करून दिलीत, वर माती खारट केली. लिंबू लहान असेल तर बुंध्याभोवती दीड-दोन फूट गवत ठेवू नका, खाण्यापिण्यात स्पर्धा होते हे खरं आहे. पण ते हाताने उपटा, कुदळ घालू नका कारण लिंबाची खाणारी मुळं वरवरच असतात, आणि उपटलेलं तिथेच आच्छादन म्हणून पसरा. पलीकडच्या तेरड्याशी तुमचं काय वैर आहे?

अळीचं. शिटेसारखी दिसणारी अळी म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराचं पोर, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडते. ब्लू मॉरमॉन, 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू, त्याच्याही अळ्या लिंबूवर्गावरच वाढतात. मोठ्या झाडाला दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही. कुंडीतलं फूटभर रोप असेल तर दोन अळ्या त्याचा खराटा करतात, हेही खरं, तेव्हा उचला आणि कढीपत्त्यावर नाहीतर मोठ्या लिंबावर ठेवा. रॉकेल मारून पान जळतं, अळी मरायची ती मरते, झाडाला डबल मार.

खिळा. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते, आपल्या चुनखडीच्या जमिनीत होतेच. पण जमिनीत लोह भरपूर असतं, चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही, आणि बुंध्यातला गंज पानापर्यंत चालत जात नाही. त्यासाठी चिलेटेड फेरसची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा लोहाची, फवारणी मिळते. खिळ्याने फक्त जखम होते, तिथून डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायला लावणारा बुरशीचा रोग) शिरतो. बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात ती बुरशी आत येऊ नये म्हणून, आणि तुम्ही दार उघडून देताय. आळंही बुंध्याला चिकटून नको, दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहील आणि बुंधा कोरडा.

बीचं लिंबू वांझ असतं हे साफ खोटं. कागदी लिंबाच्या एका बीत बहुतेकदा एकापेक्षा जास्त गर्भ असतात आणि त्यातून येणारं रोप बरंचसं आईसारखंच निघतं, म्हणूनच राहुरी कृषी विद्यापीठाच्या साई शरबती या जातीची रोपंसुद्धा बीपासून करतात. चार-पाच वर्षं थांबावं लागतं आणि कलम त्याआधी फळतं, एवढाच काय तो फरक. तीन वर्षांचं रोप "वांझ" म्हणून उपटलं असेल कोणी तर त्याने मेसेजवाल्याकडून नुकसानभरपाई मागावी.

पाणी तोडणं, हा एकच मुद्दा अर्धा बरोबर आहे. बहार धरायला ताण द्यावाच लागतो, मृग (जून-जुलैचा), हस्त (सप्टेंबर-ऑक्टोबरचा), आंबे (जानेवारी-फेब्रुवारीचा), तिन्ही बहार त्यावरच चालतात. पण कधी? हस्त बहाराची लिंबं उन्हाळ्यात येतात, भाव असतो तेव्हा, आणि नेमका त्याच्या ताणाच्या वेळी पाऊस चालू असतो, म्हणून तर बागायतदार सायकोसिल वगैरे वाढ रोखणाऱ्या रसायनांच्या मागे लागतात. घरच्या झाडाला डिसेंबरात पाणी कमी करून जानेवारीत खत-पाणी देऊन आंबे बहार घेणं सोपं. भारी जमिनीत ताण जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. पंधरा दिवस सरसकट म्हणजे कुंडीतल्या झाडाला फाशीच, तेही एप्रिलात नाशिकच्या 40 डिग्रीत कोणी केलं तर.

आणि ते "देशी रानफुलांचं" पाकीट. उघडून बघा, कॉसमॉस आणि झिनिया. दोन्ही मेक्सिकोकडची. पिवळ्या-केशरी कॉसमॉसने तर महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या माळांवर सोनकीसारख्या इथल्या फुलांच्या जागा घेतल्यात, आणि आपण त्याचं बी आणखी उधळायचं. झेंडूही तिकडचाच आहे हे मला माहितीये, दसऱ्याला मीही आणतो, पण तो रानात जाऊन पसरत नाही. खरी देशी हवीत तर पावसाच्या शेवटी तेरड्याची बोंडं फुटायच्या आत मुठीत धरून काढा, बी वाळवून ठेवा, जूनमध्ये टाका. फक्त अंजनेरी नाहीतर ब्रह्मगिरीवरून रोपं उपटून आणू नका. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, 2006 मध्ये जगाला कळली तीही त्याच डोंगराच्या नावाने, आणि तिथलं एकेक रोप कातळावरच्या दोन इंच मातीत तगलेलं असतं. तुमच्या कुंडीत ते आठवडाभरही टिकायचं नाही.

ज्यांनी मीठ घालून झालंय त्यांनी आज हे करा. वरची पांढरी साय आणि दोन-तीन इंच माती खरवडून लांब टाका, कंपोस्टमध्ये नाही. कुंडी असेल तर खालचं भोक मोकळं करून कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू सोडा, थाळीत साचलेलं लगेच ओता. जमिनीतलं असेल तर बाहेरच्या आळ्यात भरपूर पाणी, मुरू द्या, परत पाणी, आणि बोअरचं खारट असेल तर नळाचं वापरा. पाणी मुरतच नसेल तर माती तपासून जिप्सम टाका, अंदाजाने नको. करपलेली पानं गळतीलच, त्यांना बघून घाबरून युरिया टाकू नका, रासायनिक खत म्हणजे पुन्हा क्षारच. नवी पालवी येऊन ती हिरवी राहिली की मग कुजलेलं शेणखत द्या, त्याआधी काही नाही.