'सुई नाही, धोका नाही' म्हणणारा तो मेसेज

'बोटॉक्सचं भयानक सत्य' असा एक मेसेज बायकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मावशीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "हे पेन मागवू का गं?" म्हणून हे लिहिणं भाग पडलं. मेसेजचं म्हणणं असं: बोटॉक्स म्हणजे सापाचं विष, बंद केलं की सुरकुत्या दुप्पट होतात, चेहरा दगडासारखा होतो, त्यापेक्षा बिनसुईचं 'हायलुरॉन पेन' घ्या, नैसर्गिक आहे, घरीच आरशासमोर वापरा.

बोटॉक्स म्हणजे सुरकुत्या घालवण्यासाठी घेतात ते इंजेक्शन. सापाचा इथे काडीचाही संबंध नाही. हे विष क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं, तेही अतिसूक्ष्म मात्रेत. मज्जातंतूचा स्नायूकडे जाणारा निरोप ते अडवतं. स्नायू सैल पडतो, कपाळावरची आठी विरते. ३-४ महिन्यांत परिणाम ओसरतो आणि आठ्या पहिल्यासारख्या दिसू लागतात. दुप्पट कशा होतील?

दगडासारख्या चेहऱ्याबद्दल थोडं मान्य करावं लागेल. मात्रा जास्त झाली किंवा जागा चुकली तर भुवया हलत नाहीत, पापणी उतरते. पण हेही कायमचं नसतं.

आता ते पेन. मला खरा संताप याचाच आहे. एक तर त्यातून जातं ते फिलरचं, म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचं जेल. फिलर खळगा भरतो, स्नायू सैल करत नाही. म्हणजे बोटॉक्सला हा पर्यायच नव्हे. दुसरं, सुई नसली तरी जेल जोराच्या दाबाने कातडीतून आत घुसवलं जातं. ते किती खोल गेलं, कुठे गेलं, यावर वापरणाऱ्याचा ताबा नाही. भुवयांमधल्या आणि नाकाजवळच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. जेल तिथे शिरून रक्तप्रवाह अडला तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली बहुधा परत येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२१ मध्ये नेमक्या याच बिनसुईच्या पेनांविरुद्ध जाहीर इशारा दिला: रक्तवाहिनी बंद होणं, अंधत्व, पक्षाघात, जंतुसंसर्ग. अशा पेनांतून वापरायला एकाही फिलरला त्यांची मंजुरी नाही.

डॉक्टरकडे हायलुरॉनिक ॲसिडचं जेल विरघळवणारं हायलुरोनिडेज हाताशी असतं. आरशासमोर बसलेल्या बाईकडे काय असतं? ऑनलाइन आलेल्या कुपीत नक्की काय आहे, हेही तिला ठाऊक नसतं.

"मग पार्लरमध्ये बोटॉक्स घेते, स्वस्त पडतं," हा मावशीचा पुढचा प्रश्न. तेही नको. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (रोगांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) अशा इंजेक्शनांनंतर त्रास झालेल्या ११ राज्यांतल्या २२ जणींची नोंद केली. बनावट किंवा नीट न हाताळलेली इंजेक्शनं, बहुतेक घरी नाहीतर स्पामध्ये घेतलेली. ११ जणींना रुग्णालयात दाखल करावं लागलं.

घ्यायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कुपी समोर उघडायला सांगा, बॅच नंबर आणि मुदत वाचा. गरोदर असाल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर आधी सांगा. नंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सकाळची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.