‘वीज काय, पेट्रोल काय, खर्च सारखाच’ म्हणणाऱ्या मेसेजचा हिशेब

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे निव्वळ फसवणूक, असं तो सांगतो. हिशेब असा: 30 युनिटची बॅटरी, युनिटला 24 रुपये, म्हणजे 720 रुपये, गाडी धावते 150 किलोमीटर, किलोमीटरला पडले 4 रुपये 80 पैसे. पेट्रोल 106 रुपये लिटर, ॲव्हरेज 22. तिथेही जवळपास तेवढेच. वर आणखी तीन गोष्टी: घरचं वीजबिल तिप्पट होतं, पाच वर्षांत बॅटरी बाद होते आणि सर्व्हिसिंगमध्ये काही वाचत नाही. लोक हे वाचून ठरलेला बेत रद्द करताहेत, म्हणून हे नीट तपासायला हवं.

आधी ते 4 रुपये 80 पैसे. भागाकार बरोबर आहे, पण दोन गाड्यांना लावलेलं माप वेगळं आहे. 24 रुपये हा दर रस्त्यावरच्या फास्ट चार्जरचा, जीएसटी धरून. 150 किलोमीटर ही धाव एसी लावून हायवेवर शंभरच्या स्पीडने पळवल्यावरची. पेट्रोलच्या गाडीला मात्र कंपनीच्या कागदावरचं 22 चं ॲव्हरेज दिलंय. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पलासियाहून भंवरकुआंला जाणाऱ्या कोणालाही विचारा, 14 मिळालं तरी तो खूश असतो. म्हणजे पेट्रोलला साडेसात रुपये किलोमीटर.

आता घरचं चार्जिंग. चार्ज होताना थोडी वीज वाया जाते, त्यामुळे 30 युनिटची बॅटरी भरायला मीटरवर 34 युनिट पडतात असं धरा. सरचार्ज, ड्यूटी सगळं पकडून मी मुद्दाम चढा, 9 रुपयांचा दर लावतो. झाले 306 रुपये. शहरात तेवढ्यात 200 किलोमीटर आरामात होतात. किलोमीटरला दीड रुपया! मेसेजमध्ये घरच्या दराचा हिशेबच नाही, आणि बहुतेक मालक गाडी रात्री घरीच चार्जिंगला लावतात, अनेकदा 15 ॲम्पियरच्या प्लगला.

वीजबिलाच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते आपल्या मध्य प्रदेशात जास्त टोचतं. महिन्याला 150 युनिटच्या आत राहणाऱ्या घराला अटल गृह ज्योती योजनेत पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवली की 170 युनिट वाढले, म्हणजे सवलत गेली. 140 युनिटवर समाधानाने राहणाऱ्या घराचं बिल खरोखरच तिप्पट किंवा त्याहूनही जास्त दिसेल. पण त्याच महिन्यात पंपावर जाणारे साडेसात हजार वाचले, हे बिलावर छापून येत नाही. विजेचे दीड हजार आणि बुडालेल्या सवलतीचे पाच-सहाशे वजा केले तरी पाच हजारांहून जास्त हातात उरतात. एका खर्चाचं बिल दाखवायचं आणि दुसऱ्याची पावती लपवायची, ही दिशाभूल आहे. मला खरा राग याचाच आहे.

बॅटरीचं काय? भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते. काही मॉडेलांवर पहिल्या मालकाला त्याहूनही जास्त. पाच वर्षांचा आकडा आला कुठून, देव जाणे. बॅटरी एका रात्रीत मरत नाही, तिची क्षमता हळूहळू उतरते. वॉरंटी संपल्यावर पॅक बदलायची वेळ आली तर खर्च काही लाखांत जातो, हे मात्र खरं. म्हणून जुनी गाडी घेताना वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर येते का, हे लेखी विचारा.

सर्व्हिसिंगचा मुद्दा टिकतच नाही. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच यातलं काहीच या गाडीत नाही. टायर मात्र वजनामुळे लवकर झिजतात. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, विम्यात इलेक्ट्रिक गाडीला 2022 पासून 15 टक्के सूट आहे, पण गाडीची किंमत जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता जास्त बसतो.

मेसेज खोडायच्या भरात उलट टोकाला जाऊ नये. विजयनगरच्या मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, पार्किंगमध्ये प्लगच नसेल आणि रोज फास्ट चार्जरवरच जायचं असेल, तर शहरात किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या पुढे पडतात. सीएनजी 90 रुपये किलो आणि ॲव्हरेज 22 धरलं तर चार रुपये. एवढ्याशा फरकासाठी तीन-चार लाख जास्त मोजणं मला पटत नाही. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवरचा 5 टक्केच राहिला. त्यामुळे किमतीतलं अंतर वाढलं. घरी चार्ज करणाऱ्याचे किलोमीटरला सहा रुपये वाचतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे जास्तीचे मोजलेले साडेतीन लाख पाच वर्षांत वसूल होतात, वीजबिलाची सवलत बुडत असेल तर थोडे उशिरा. फक्त रविवारी राजवाड्याला आणि कधीमधी उज्जैनला जाणाऱ्याचे होत नाहीत. त्याने आहे ती पेट्रोलची गाडीच ठेवावी.

मल्टीत राहणाऱ्यांनी बुकिंगचे पैसे भरण्याआधी सोसायटीकडून चार्जिंग पॉइंटची परवानगी लेखी घ्यावी आणि आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर नेता येते का, अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्यावं.