एक चूल, दोन रेशनकार्डं

माझा धाकटा भाऊ बाळू कागदोपत्री वेगळा राहतो. आई आणि तो, हे एक कुटुंब. मी, बायको आणि दोन पोरं, हे दुसरं. दोन्ही कुटुंबांचा गॅस एक, पाण्याची टाकी एक, संडास एक, आणि बाळूला रोज आंघोळ घालणारा माणूसपण एकच, म्हणजे मी. हे उघड लिहितोय म्हणून उद्या कुणी चौकशी लावली तर लावू दे. पोटात ठेवून कंटाळा आलाय.

बाळू 34 वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, 75 टक्के दिव्यांगत्व. हाताच्या मुठी वळलेल्या, बोलणं अडखळत, पण डोकं आमच्या घरात सगळ्यात तल्लख. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाटाकडीलच्या टीमनं कुणाला किती गोल मारले, रेफ्रीनं कुठं माती खाल्ली, सगळं त्याला विचारायचं. हे अशासाठी सांगतोय, की दवाखान्यापासून कचेरीपर्यंत जवळपास प्रत्येकानं त्याच्या तोंडासमोर मला विचारलं, "ह्याला कळतं का?" एकदा त्यानंच उत्तर दिलं. वाक्य पुरं करायला अर्धं मिनिट लागलं. "मला... कळतं. तुम्ही... फॉर्म... बघा." टेबलावरच्या मॅडम ओशाळल्या, पण पुढचे सगळे प्रश्न त्यांनी त्यालाच विचारले. तेवढं मी त्यांना मानतो.

वडील होते तोवर अर्जबिर्ज काही केला नव्हता. "माझं पोरगं मी पोसतोय, सरकारचा तुकडा नको," असं त्यांचं. 2023 साली ते गेले आणि दोन महिन्यांत घराचा हिशेब उघडा पडला. मी एमआयडीसीत कामाला आहे, पगार 18 हजार. बाळूच्या फिट्सच्या गोळ्या, डायपर, महिन्यातून दोनदा फिजिओ. मित्र म्हणाला, संजय गांधी निराधार योजनेत घाल की त्याचं नाव, महिन्याला दीड हजार तरी येतील.

आधी प्रमाणपत्र. आमच्याकडं 2008 चा हातानं लिहिलेला दाखला होता, शिक्क्यासकट. तो आता चालत नाही. जून 2021 पासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवरूनच निघतं. म्हणून पुन्हा ऑनलाइन अर्ज, पुन्हा तपासणी. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथं मला वाईट माणसं भेटली नाहीत, फक्त कमी भेटली. तपासणी आठवड्यातून एकाच दिवशी. पहिल्या बुधवारी डॉक्टर रजेवर, दुसऱ्या बुधवारी सर्व्हर बंद, तिसऱ्या बुधवारी नंबर लागला. प्रत्येक खेपेला रिक्षा, कारण बाळूला घेऊन केएमटीच्या बसमध्ये चढणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. 2017 च्या नियमात एका महिन्यात प्रमाणपत्र द्यायचं होतं. 2024 मध्ये सरकारनं नियम दुरुस्त करून त्याचे तीन महिने केले. उशीर होतोय ना, मग मुदतच वाढवा! आम्हाला पाच महिने लागले. पिवळं कार्ड आलं. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं, 80 च्या वर निळं. बाळू म्हणाला, रेफ्रीनं यलो कार्ड दाखवलं.

मग खरा अर्ज. आधार, बँक पासबुक, 15 वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, रेशनकार्ड आणि तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण कोण म्हणतंय. अर्ज दिला आणि गप्प बसलो. अर्ज तालुक्याच्या समितीपुढं जातो. समितीवर तहसीलदार असतात आणि बाकी बहुतेक पालकमंत्र्यांनी नेमलेली माणसं. सरकार बदललं की समिती जाते, नवी नेमायला वेळ लागतो, मध्ये निवडणूक आली की आचारसंहिता. मी दर पंधरा दिवसांनी हाफ डे टाकून जायचो. "मीटिंग झाली नाही." "यादी वर गेली नाही." "पुढच्या आठवड्यात बघा." कचेरीबाहेरचा एकजण म्हणाला, पाच हजारात करून देतो. दिले नाहीत. तत्त्वामुळं नाही, नव्हतेच.

आठ महिने कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. शेवटी झेरॉक्सवाल्या दादांनी सांगितलं, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, एकच प्रश्न विचारला: माझ्या भावाच्या अर्जाचं काय झालं? तीन आठवड्यांत उत्तर आलं. आठ महिने ज्या टेबलावरून "बघा" ऐकलं त्याच टेबलावरून. अर्ज चार महिन्यांपूर्वीच नामंजूर झाला होता. कारण: उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

आता ही मर्यादा बघा. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50 हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे दिवसाला 137 रुपये, अख्ख्या घराला. कोल्हापुरात बिगारी कामाला गेलेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत तेवढे कमावतो. घरात एक माणूस रोज कामावर जात असेल तर हा आकडा खरा असूच शकत नाही. मग ज्यांना मिळतं त्यांचं काय? त्यांच्यातले काही खरोखरच निराधार आहेत, त्यांना मिळायलाच पाहिजे. बाकीच्यांनी काय केलं ते सगळ्या कचेरीला माहीत आहे.

याच दरम्यान जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण आली. बायकोनं फॉर्म भरला. तिथं मर्यादा अडीच लाख, आणि केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखलाही नको. राखीपौर्णिमेच्या आधी तिच्या खात्यावर 3000 जमा. तिला मिळाले याचं मला वाईट वाटत नाही, त्यातले अर्धे बाळूच्या गोळ्यांनाच गेले. पण गंमत बघा. घर तेच, पगार तोच, केशरी कार्ड तेच. त्या कार्डावर वहिनी गरीब ठरली आणि तिचा दीर श्रीमंत. बाळूला सांगितलं तर म्हणाला, "वहिनी लाडकी... मी दोडका." आणि हसत सुटला. त्याचं हसू सुरू झालं की थांबत नाही, ठसका लागतो, मग पाठ चोळायला लागते.

तलाठ्याकडं भांडायला गेलो. तरुण पोरगा होता, मला वाटलं उर्मट असेल. चहा मागवला त्यानं. म्हणाला, "दादा, 50 च्या आत लिहिलं तर माझी नोकरी जाणार, खरं लिहिलं तर तुमचा अर्ज जाणार. तुम्हीच सांगा काय लिहू." मग आवाज खाली करून म्हणाला, "कार्ड वेगळं करा. आई आणि भाऊ एका कार्डावर घ्या. मग त्यांचं उत्पन्न त्यांचं."

माझा मुद्दा हाच आहे. अर्ज बाळूचा होता. मोजलं गेलं माझं उत्पन्न. मी उद्या त्याला सांभाळायचं सोडून दिलं, तर तो पात्र. मी सांभाळतोय म्हणून तो अपात्र. भावाला टाकून देणाऱ्याच्या घरात पैसे येणार आणि जवळ ठेवणाऱ्यानं खोटं बोलायचं, हा कुठला न्याय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पेन्शनला उत्पन्नाची मर्यादा ठेवता येईल असं लिहिलंय, मान्य. सरकारकडं पैशाचं झाड नाही, तेही मान्य. पण त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये असंही आहे, की आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत राहून इतरांच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के जास्त द्यावं. आपल्याकडं 2023 पासून विधवेला, निराधाराला आणि दिव्यांगाला सारखेच 1500. वाढ झाली ती ऑक्टोबर 2025 पासून, दिव्यांगांना 2500. त्याआधी जूनमध्ये दिव्यांगांसाठी लढणारे माजी आमदार बच्चू कडू अमरावती जिल्ह्यात मोझरीला उपोषणाला बसले होते, 6000 मागत होते. 3 डिसेंबर 2022 ला राज्यात दिव्यांगांसाठी वेगळा विभाग झाला, तेव्हा देशात पहिला म्हणून पेपरात पानभर जाहिराती. जाहिरातीचं राहू दे, त्या 50 हजारांना कुणी हात लावेल का ते सांगा.

कुणी म्हणेल, मर्यादा सैल केली की बोगस वाढतील. बोगस आहेतच. 2024 मध्ये आयएएससारख्या ठिकाणचं दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं, त्यानंतर सगळ्यांकडंच संशयानं बघायला लागले. तपासा ना! बाळूला दोनदा बोलवा, चारदा बोलवा, त्याच्या मुठी उघडून बघा. पण दिव्यांगत्व तपासायचं आणि भावाच्या पगाराची स्लिप बघून नाकारायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोगस माणसाचं रेशनकार्ड तर पहिल्याच दिवशी वेगळं असतं.

तर मी कार्ड वेगळं केलं. आईला समजावताना फार जड गेलं. ती म्हणाली, "तुझा बाप जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि घर फोडायला निघालास?" कागद आहे गं नुसता, असं म्हणालो. ती त्या दिवशी जेवली नाही.

नवा अर्ज, नवं उत्पन्न, आणि चौकशीला घरी कोतवाल आला. मी आईला पढवून ठेवलं होतं. त्यानं विचारलं, "आजी, स्वयंपाक वेगळा करता न्हवं?" आई म्हणाली, "वेगळा कशाला? सून हाय की!" माझ्या पोटात गोळा आला. कोतवालानं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, आणि म्हणाला, "आजीला कमी ऐकू येतंय जनू." पुढचं काही विचारलं नाही. दोन कप चहा पिऊन गेला.

मंजुरी 2025 मध्ये झाली. मधल्या दोन वर्षांचं काही मिळालं नाही. तरी पैसे येईनात, कारण आता सगळं डीबीटीनं, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात थेट जमा, आणि बाळूचं आधार बँकेला जोडलेलं नाही. आधार केंद्रावर ठसे लागेनात. त्याची मूठ उघडायला घाई चालत नाही, जोर केला की आणखी आवळते. आईनं घरून गरम पाण्याचा थर्मास आणला होता. तिथंच प्लास्टिकच्या डब्यात पाणी ओतलं, त्याचा हात बुडवला आणि एकेक बोट हलवत बसली. मागं पंचवीस माणसांची रांग. अंगठा उघडला, टॉवेलनं पुसला, मशीनवर ठेवला आणि लाइट गेली. पाणी गार झालं. लाइट आल्यावर समोरच्या चहाच्या गाड्यावाल्यानं न सांगता गरम पाणी आणून दिलं. ठसे येत नसतील तर डोळ्यांच्या स्कॅनवर काम होतं, हे ऑपरेटरला मला सांगावं लागलं. तेव्हा झालं.

कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो: अर्ज दिला की त्या दिवसाची पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका, आणि "नामंजूर" तोंडी ऐकू नका, लेखी मागा. आणि मागं टेकायला माणसं लागतात. आपल्या कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांनी 1984 साली हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली. तिथून शिकून नोकरी करणारी व्हीलचेअरवरची माणसं मी बघितली आहेत. पण आमच्यासारख्या घरांना तिथवर जायलाही आधी एक हाफ डे लागतो.

आता महिन्याला अडीच हजार येतात, कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. बाळूनं मात्र वेगळ्या कार्डाची भूमिका मनावर घेतली आहे. खिडकीजवळची त्याची कॉट म्हणजे त्याचं घर. पोरं तिकडं खेळायला गेली की "पाहुणे... आले" म्हणतो. काल रात्री मी त्याला कुशीवर वळवायला गेलो, तर म्हणाला, "बेल... वाजव." मी कॉटच्या दांड्यावर दोनदा टकटक केली. "कोण?" म्हणाला. मी म्हटलं, शेजारचा. तो म्हणाला, "ये... ये. चहा... तुझ्या घरनं... आण."