वहिनीला कोणी विचारलंच नाही

आज अमळनेरजवळच्या एका गावी दारवर, म्हणजे सांत्वनाला, जाऊन आले. २१ वर्षांचा पोरगा. अपघात झाला, ब्रेन डेड झाला, आईबापाने किडन्या, लिव्हर, डोळे दिले. आणि ओट्यावरची एक म्हातारी सगळ्यांदेखत म्हणते, "पोऱ्याना डोया काढी दिनात, आते पुढला जलमले आंधया येई." म्हणजे, पोराचे डोळे काढून दिले, आता पुढच्या जन्मी आंधळा येईल. आई आतच बसलेली होती. तिने ऐकलं.

मला तोंडावर बोलायचं होतं. पण कोणत्या तोंडाने बोलू? आम्ही तर नाही म्हणून मोकळे झालो होतो.

दादाची गाडी पारोळ्याजवळ हायवेवर घसरली. नाशिकला तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू गेलाय. छाती वरखाली होत होती, हात गरम होता, नखांत केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच होते. हा माणूस गेलाय हे कसं पटावं? अवयवदानाचं विचारायला एक बाई आल्या, तेवढ्यात मोठे काका ओरडले, "चिरफाड करायची नाही!" विषय संपला. वहिनी भिंतीला टेकून उभी होती.

नंतर मी सगळं वाचून काढलं. श्वास मशीनचा असतो. चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, मशीन काढून श्वास येतो का पाहतं, सहा तासांनी पुन्हा तेच. अवयव बसवणारा डॉक्टर त्या चौघांत नसतो. १९९४ चा कायदा आहे हा, आणि त्यातल्या जवळच्या नातेवाइकांच्या यादीत बायको आहे, मुलं, आईवडील, भाऊबहीण, आजीआजोबा, नातवंडं आहेत. काका नाहीत! पण आपल्याकडे ज्याचा आवाज मोठा, त्याचाच निर्णय.

किडनीच्या धंद्याच्या बातम्या येतात, लोक घाबरतात, मान्य. म्हणून काय सगळंच जाळून टाकायचं?

आणखी दोन दिवसांनी दादाचं हृदय थांबलं. डोळे तेव्हाही देता आले असते, पण ते सहा तासांच्या आत. ते तास आमचे गाडीत, रडण्यात आणि भाऊबंदांना फोन करण्यात गेले. दिवसकार्याला, म्हणजे गंधमुक्तीच्या दिवशी, वहिनीने त्याचं पाकीट उघडलं. लायसन्सवर ऑर्गन डोनरपुढे 'वाय' होतं. त्याने फॉर्म भरताना हो म्हटलं होतं. आम्हाला मात्र कधी सांगितलं नाही.

काकांवर आता राग धरवत नाही. त्यांनीच त्याला खांद्यावर बसवून कानबाईच्या मिरवणुकीत नाचवलं होतं. त्यांना तो कापलेला बघवणारच नव्हता. आणि आजची ती म्हातारी? मी निघाले तेव्हा ती पोराचा फोटो पदराने पुसत होती. पण त्या आईच्या कानात ते वाक्य आता कायमचं बसलं ना!

रात्री जेवताना मी आईला सांगितलं, माझं काही झालं तर सगळं द्यायचं, कोणाचं ऐकायचं नाही. आई ताटावरून उठून गेली.

उद्या परत सांगणार आहे. वहिनी म्हणाली, मीही बसते सोबत.