पायाळूची लाथ

पाठीत उसण भरायला काहीतरी भारदस्त निमित्त असावं, अशी माझी अपेक्षा होती. गव्हाचं पोतं उचललं, बंद पडलेली गाडी ढकलली, असं चारचौघांत सांगण्याजोगं काही. मला ती उशीला अभ्रा घालताना भरली. उशीचं टोक हनुवटीखाली दाबलं, दोन्ही हातांनी अभ्रा वर ओढला, आणि दोन खवाट्यांच्या मधोमध कुणीतरी दाभण खुपसून तिथेच विसरून गेलं.

कंबरदुखीला समाजात मान आहे. मान धरली तर गळ्यात पट्टा बांधून मिरवता येतं, बसमध्ये जागाही मिळते. पाठीचा मधला भाग मात्र कुणाच्याच हद्दीत येत नाही. मुख्य म्हणजे तिथे आपला स्वतःचा हात पोचत नाही. वरून घाला, चार बोटं कमी. खालून घाला, तरी चार बोटं कमीच. तेवढ्या टापूपुरता माणूस पूर्णपणे परस्वाधीन असतो. बरं, गप्प पडून राहावं तर श्वास घ्यावा लागतो आणि श्वासागणिक कळ येते. शिंक येणार अशी नुसती चाहूल लागली तरी मी नाक धरून कुलदैवताचा धावा करत होतो.

बाम लावायला बायको बसली.

"इथे?"

"जरा वर."

"इथे?"

"वर म्हटलं गं, डावीकडे नाही. उजवीकडे घे."

"तुमच्या उजवीकडे की माझ्या?"

"तू मागे बसलीयेस. दोघांची उजवी एकच आहे!"

"ओरडायचं काम नाही. स्वतः लावा मग."

हा शेवटचा टोला जिव्हारी लागला, कारण तेच तर जमत नव्हतं. असं करत करत एकदाची नेमकी जागा सापडली. "हां, तिथेच, तिथेच!" म्हणेपर्यंत कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ती उठून गेली. परत आली तेव्हा जागा पुन्हा हरवली होती.

तोवर आईने जाडं मीठ तव्यावर तापवून पुरचुंडी बांधली होती. शेजारच्या काकू निरगुडीचा पाला घेऊन आल्या. मेव्हण्याने फोनवरून बर्फ लावायला सांगितलं. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून मी सगळंच लावून घेतलं. त्यानंतर भेटायला येणारा माणूस आधी नाकाला रुमाल लावायचा आणि मग विचारपूस करायचा.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी छातीत दुखतंय का, दम लागतोय का, घाम फुटला होता का, ताप आहे का, पायाला मुंग्या येतात का, हे विचारून घेतलं. सगळ्याला 'नाही' म्हणताना मला उगीचच आपलं दुखणं किरकोळ असल्याची लाज वाटली. मग ते म्हणाले, पाठीच्या या भागात 12 मणके, त्यांना फासळ्यांच्या 12 जोड्या. श्वास घेतला की फासळ्या हलतात आणि आखडलेला स्नायू ओढला जातो, म्हणून कळ. एक्स-रे नको. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं हिंडत राहा, शेक घ्या, काही दिवसांत सुटेल. शिवाय भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा बॉल धरून हळूहळू वरखाली व्हायला सांगितलं. माझ्या मते चाकानंतरचा महत्त्वाचा शोध हाच. बॉलला डावं-उजवं विचारावं लागत नाही आणि त्याचा कुकरही लागलेला नसतो.

पण एवढ्या स्वस्तात सुटलेल्या दुखण्यावर आईचा विश्वास बसेना. "उसण आहे ती. पायाळू माणसाने लाथ मारल्याशिवाय उतरायची नाही," असं तिने जाहीर केलं. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. आता असा माणूस आणायचा कुठून? तर आईला अख्ख्या बिल्डिंगच्या बाळंतपणांची माहिती! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पायाळू निघाले. म्हणजे ज्यांच्याशी माझं पार्किंगवरून गेल्या गणपतीपासून बोलणं बंद, तेच. पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं असंही म्हणतात. मग आमची बोअर कोरडी का, हे मला विचारायचं होतं, पण मी तेव्हा पालथा होतो.

सेक्रेटरी आनंदाने आले. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, पँटची घडी वर केली. एरवी मेंटेनन्सची पावती द्यायला महिना लावणारा माणूस! "मनात काही नाही हं आपल्या," असं म्हणून त्यांनी पाय उचलला. आई म्हणाली, "नुसता लावा हो." ते म्हणाले, "मावशी, करायचं तर शास्त्रोक्त करू."

पुढे काही दिवसांनी पाठ सुटली. डॉक्टर म्हणालेच होते. पण बिल्डिंगमध्ये श्रेय गेलं ते लाथेला, आणि सेक्रेटरींचं वजन एकदम वाढलं. परवाच्या सर्वसाधारण सभेत मी पार्किंगचा विषय काढायला उभा राहिलो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघत आपुलकीने विचारलं, "पाठ बरी आहे ना? नाहीतर येऊन जातो." मी विषय मागे घेतला.