इतिहासप्रसिद्ध घोडा कसे व्हावे?

स्वतःच्या कर्तृत्वाने अमर होण्याचा मार्ग लांबचा आणि बेभरवशाचा असल्यामुळे, आपल्यासारख्या समंजस वाचकाने इतिहासात शिरण्यासाठी एखाद्या थोर पुरुषाच्या पाठीशी नव्हे, तर मांडीखाली उभे राहण्याचा विचार करावा, अशी माझी नम्र शिफारस आहे. या मार्गाने गेलेल्यांची नावे दोन हजार वर्षांनंतरही घेतली जातात आणि त्यांच्यापैकी एकालाही लिहिता-वाचता येत नव्हते.

सर्वप्रथम स्वार निवडावा. वेग, रुबाब, वंशावळ या गोष्टी दुय्यम आहेत. एक अट मात्र सांभाळावी लागते, ती म्हणजे जन्माने घोडाच असावे. खेचर असून भागत नाही. मे 1800 मध्ये नेपोलियनने आल्प्समधली ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड ओलांडली ती खेचरावर बसून, स्थानिक वाटाड्याच्या सोबतीने. पण चित्रकार दाव्हिदने तो प्रसंग रंगवला तेव्हा खेचराच्या जागी पुढचे दोन्ही पाय उधळणारा देखणा घोडा आला. त्या चित्राच्या पाच आवृत्त्या झाल्या आणि खेचर एकीतही नाही. याउलट मरेंगो हा नेपोलियनचा लाडका घोडा म्हणून जगप्रसिद्ध आहे आणि त्याचा सांगाडा लंडनच्या लष्करी संग्रहालयात उभा आहे. शाही पागेच्या नोंदींत मात्र या नावाचा घोडा सापडत नाही. डोंगर चढला त्याला नाव नाही आणि नाव आहे त्याची नोंद नाही, यावरून कष्ट कोणत्या बाजूला करावेत याचा बोध आपण घ्यालच.

स्वार मिळाल्यावर आपल्या अंगी एखादा दोष असू द्यावा. निर्दोष घोड्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. ब्यूसिफॅलस या घोड्याला मॅसिडोनियाच्या फिलिप राजापुढे आणले तेव्हा त्याची किंमत 13 टॅलंट, म्हणजे चांदीच्या हिशेबात भलीमोठी रक्कम, सांगितली होती, पण तो कोणालाही पाठीवर बसू देईना, म्हणून राजाने त्याला परत न्यायला सांगितले. तेवढ्यात त्याच्या कोवळ्या वयाच्या मुलाच्या, अलेक्झांडरच्या, ध्यानात आले की हा घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतो आहे. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले आणि तो स्वार झाला. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेली ही कथा इच्छुकांनी पाठ करावी असे मला वाटते, कारण तिच्यात यशस्वी चाकरीचे सगळे सार आहे. दोष असा हवा की जो इतर कोणालाही उमगणार नाही, जो आपल्या धन्याला मात्र चारचौघांत, शक्यतो त्याच्या वडिलांसमोर, चुटकीसरशी दूर करता येईल आणि जो दूर झाल्यावर कौतुक घोड्याचे नव्हे, तर धन्याच्या बुद्धीचे होईल. ब्यूसिफॅलसने हे साधले आणि इ. स. पू. 326 मध्ये झेलमकाठी तो मेला तेव्हा त्याच्या नावाने एक नगर वसवले गेले. (अलेक्झांडरने आपल्या कुत्र्याच्या नावानेही नगर वसवल्याचे तोच प्लुटार्क नोंदवतो, पण या बातमीने आपण खचून जाऊ नये.)

बुद्धीची गरज पडेल की काय, अशी धास्ती असल्यास बर्लिनच्या हान्सकडे पाहावे. हा घोडा बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक यांची उत्तरे खूर आपटून देत असे आणि 1904 साली त्याची परीक्षा घ्यायला बसलेल्या विद्वानांच्या समितीला त्यात कोणतीही लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने असे दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित कोलमडते. खुरांचे ठोके योग्य आकड्याशी आले की विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात नकळत जो बारीक बदल होई, तो पाहून हान्स थांबत असे. म्हणजे उत्तर येण्याची आवश्यकता नाही. साहेबांची मान कधी हलते तेवढे कळले की पुरे.

पदाचीही फार चिंता नको. रोमचा सम्राट कॅलिग्युला याने आपल्या इन्सिटेटस या घोड्याला संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण, जांभळ्या झुली आणि रत्नांचा गळपट्टा दिल्याचे रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. त्याला कॉन्सुल, म्हणजे रोममधला एक सर्वोच्च अधिकारी, करण्याचा बेत होता असे म्हणतात, असेही तो पुढे जोडतो. नेमणूक झालीच नाही, पण नुसत्या बेताच्या बातमीवर घोडा आजवर गाजतो आहे. उलट कोरियन युद्धात रेकलेस नावाच्या घोडीने मार्च 1953 मधील एका दिवसात दारूगोळा वाहण्यासाठी 51 फेऱ्या केल्या, त्याही बहुतांशी एकटीने, आणि अमेरिकी मरीन दलात तिला सार्जंटची रीतसर बढती मिळाली. खरे काम करून खरे पद मिळवण्याचा हा प्रकार आपण टाळावा, कारण तिचे नाव किती जणांनी ऐकले आहे ते आजूबाजूला विचारून पाहावे.

मरणाची वेळ साधणे ही मात्र कला आहे. चेतकाने जखमी अवस्थेत राणा प्रतापांना हल्दीघाटीतून सुखरूप बाहेर काढले आणि मगच प्राण सोडला, अशी परंपरागत कथा आहे. आधी धन्याला पोहोचवावे आणि मग मरावे, हा क्रम चुकता कामा नये. मेल्यानंतर आपले काय होईल, हे विचारू नये. शर्यती गाजवणारा फार लॅप नावाचा घोडा 1932 साली मेला. त्याचे कातडे मेलबर्नमध्ये, सांगाडा न्यूझीलंडमध्ये आणि हृदय कॅनबेरात आहे. मरेंगोच्या एका खुराची तपकिरीची डबी झाली.

राहता राहिला कोपनहेगन नावाचा घोडा. नेपोलियनचा पराभव झालेल्या वॉटर्लूच्या लढाईत, 18 जून 1815 रोजी, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन त्याच्या पाठीवर जवळजवळ पूर्ण दिवस होता. रात्री खाली उतरून त्याने घोड्याला कौतुकाने थोपटले, तेव्हा कोपनहेगनने अशी लाथ झाडली की ती थोडक्यात हुकली. युरोपचे भवितव्य ठरवणाऱ्या त्या दिवसात घोड्याने स्वतःच्या मर्जीने केलेली ही एकमेव गोष्ट असावी. 1836 मध्ये त्याला लष्करी इतमामाने पुरण्यात आले. पण त्या गडबडीत कोणीतरी त्याचा एक खूर कापून नेला आणि कालांतराने त्याची दौत बनवली गेली. तेव्हा इच्छुकांनी आपले चारही खूर नीट मोजून, आकडा कुठेतरी लिहून ठेवून, मगच पागेत नाव नोंदवावे.