सिग्नल आणि फोन नंबर : एक खुलासा
सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपविषयी ‘सिग्नलवर आता फोन नंबर न देता खाते उघडता येते’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा चुकीचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिग्नलने युजरनेमची सोय जाहीर केली, तरी नोंदणीला नंबर लागतोच. बदल इतकाच, की शेवटी किमान दोन अंक असलेले युजरनेम देऊन संवाद सुरू करता येतो आणि ज्याने तुमचा नंबर आधीच जतन केलेला नाही, त्याला तो दिसत नाही. मात्र नंबर ठाऊक असलेला माणूस तुम्हाला शोधू शकतो. ते नको असल्यास गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये नंबरवरून शोधण्याची मुभा ‘कोणालाही नाही’ अशी बदलावी लागते, आणि नेमके हेच त्या मेसेजमध्ये गाळले आहे.